क्रियापदाला लागलेली खाडी

स्पेनमधल्या बिल्बाओ शहराच्या मधून जे पाणी जातं त्याला इथे कुणी नदी म्हणत नाही. ‘ला रीआ’ म्हणतात. रीआ म्हणजे खाडी. भरतीला समुद्र शहरात शिरतो, ओहोटीला काठाची हिरवट भिंत उघडी पडते. मी ठाण्याची. कळव्याच्या बाजूला लोकल खाडी ओलांडायला लागली की नाकाला रुमाल लावणाऱ्यांपैकी. त्यामुळे खाडीकाठी फिरायला जायचं, तिथे बाकावर बसून आइस्क्रीम खायचं, हे पचायलाच मला सहा महिने लागले.

तर स्पॅनिशच्या वर्गात एक दिवस बाईंनी फळ्यावर कोम्प्रार हे क्रियापद लिहिलं. कोम्प्रार म्हणजे विकत घेणं. त्याखाली सहा रूपं: कोम्प्रारीआ, कोम्प्रारीआस, पुन्हा कोम्प्रारीआ, मग कोम्प्रारीआमोस, कोम्प्रारीआइस, कोम्प्रारीआन. मी घेतलं असतं, तू घेतलं असतंस, वगैरे. माझ्या डोळ्यांना मात्र सगळीकडे रीआच दिसायला लागली. ती तशीही गावभर दिसतेच. पाववाल्याच्या पाटीवर पानादेरीआ, मासळीवाल्याच्या पाटीवर पेस्कादेरीआ, पुस्तकांच्या दुकानावर लिब्रेरीआ. म्हटलं, सोपं आहे, क्रियापद घ्यायचं आणि शेवटी खाडीत सोडायचं. गृहपाठात मी मन लावून लिहिलं: कोम्प्रार्रीआ.

बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. त्यातला र्र त्यांनी असा काही ओढला की जुनी स्कूटर किक मारून चालू होते आहे असं वाटलं. म्हणाल्या, “रीआ तिकडे, खिडकीबाहेर. इथे फक्त ईआ.”

म्हणजे ‘र’ क्रियापदाचा स्वतःचाच असतो, शेपूट तेवढं ईआचं. एरवी स्पॅनिश क्रियापद चालवायचं म्हणजे आधी त्याचा शेवट छाटायचा, जसा आपण ‘बोलणे’तला ‘णे’ काढतो. या रूपात, भविष्यकाळासारखीच, छाटाछाट नाही. अख्खं क्रियापद जसंच्या तसं उभं करायचं आणि मागे ईआ लावायचं. खाणं कोमेर, त्याचं कोमेरीआ. राहणं बिबीर, त्याचं बिबिरीआ. तिन्ही जातींच्या क्रियापदांना एकच शेपूट. दहा-बारा हट्टी क्रियापदं आहेत, तेनेरचं (तेनेर म्हणजे जवळ असणं) तेन्द्रीआ होतं तशी, पण तीसुद्धा अंगात बदलतात, शेपटात नाही. बाकी काळांनी माझे जे हाल केले त्यापुढे हा काळ म्हणजे माहेर.

हे शेपूट आलं कुठून ते कळलं तेव्हा तर मला फारच आपलेपणा वाटला. ते ‘आबीआ’चं, म्हणजे ‘होतं’ या अर्थाच्या क्रियापदाचं, झिजून उरलेलं टोक आहे. लॅटिन बोलणारी सामान्य माणसं ‘घ्यायचं’ आणि ‘होतं’ असे दोन शब्द शेजारी ठेवत. शतकानुशतकं बोलून बोलून ते एकमेकांना चिकटले. नेब्रीहा नावाच्या पंडिताने 1492 साली कास्तेल्यानोचं, म्हणजे स्पॅनिशचं, पहिलं व्याकरण छापलं. त्यातही त्याने हा सांधा उसवून दाखवला आहे. आता ‘घ्यायचं होतं’ हे मला कुणी शिकवायला हवं का? “जरा बोलायचं होतं” असं म्हणत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहायचे, तेव्हा त्यांना भूतकाळात नव्हे, त्याच क्षणी बोलायचं असायचं. तेही देखभालीच्या थकलेल्या पैशांबद्दल.

शिकलेलं वापरून बघण्याची मला घाई फार. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या बारमध्ये (इथे बार म्हणजे सकाळी कॉफी प्यायची जागा, आईला हे अजून पटलेलं नाही) मी नीट उभी राहून म्हणाले, “मे गुस्तारीआ उन काफे, पोर फाबोर.” पलीकडच्याने हातातला कप पुसायचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या माणसाने वर्तमानपत्रातून डोकंही न काढता “मे पोनेस उन काफे?” (एक कॉफी देतोस?) म्हणून टाकलं, आणि त्याची कॉफी माझ्याआधी आली. मी काय केलं होतं ते नंतर लक्षात आलं. ठाण्यात स्टेशनबाहेरच्या टपरीवर जाऊन “मला एक कटिंग चहा आवडेल” म्हणावं, तसं.

दुकानात ‘केरीआ’ चालतं. तो साधा भूतकाळ, ‘हवं होतं’. “केरीआ उन किलो दे तोमातेस,” किलोभर टोमॅटो हवे होते. आपल्याकडे दुकानदार “काय हवं होतं?” विचारतो, इथे गिऱ्हाईकच तसं बोलतं. यावर खवचट दुकानदार “हवे होते? आता नकोत का?” असंही विचारतात. विनोद इतका ओळखीचा की परदेशात आहोत हेच विसरायला होतं. त्याच क्रियापदाचं ईआवालं रूप मात्र ‘केर्रीआ’. एका जास्तीच्या ‘र’चा फरक. ज्यांच्याकडे चिमणी भुर्र उडते त्यांना तो अवघड जाऊ नये. गृहपाठात नको तिथे घातलेला माझा र्र इथे तरी कामी आला.

ईआ खरं भेटलं ते खाडीकाठच्या रिबेरा बाजारात. 1929 सालची ही इमारत, रंगीत काचांची, आत मासळीचा ओला वास. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी बरोबर होत्या. मी एक हिरवं, लांबट खरबूज उचललं. याला इथे ‘बेडकाचं कातडं’ म्हणतात, आणि दिसतंही तसंच. आजींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, देठाच्या उलट्या टोकाला अंगठा दाबला, नाकाशी नेलं आणि परत ढिगात ठेवलं. “यो के तू, नो लो कोम्प्रारीआ.” मी तुझ्या जागी असते तर घेतलं नसतं. पुस्तकातल्या सहा रूपांपैकी पहिलं, जिवंत, विक्रेत्याच्या तोंडावर. विक्रेता काही बोलला नाही, पण त्याने पुढचं खरबूज स्वतः निवडून दिलं.

पण आजी बाईंच्या वर्गात नापास झाल्या असत्या. पुस्तकाप्रमाणे ‘जर’च्या बाजूला ईआ चालत नाही, तिथे तेनेरचं तुबिएरा असलं वेगळंच रूप लागतं. ईआ फक्त ‘तर’च्या बाजूला. सी (म्हणजे जर) तुबिएरा पैसे, तर कोम्प्रारीआ. आजी दोन्हीकडे ईआ लावतात: सी तेन्द्रीआ, कोम्प्रारीआ. आजीच काय, बास्क प्रदेशात, नावार्रात, ला रिओहात आणि बुर्गोसच्या बाजूला पुष्कळ लोक असंच बोलतात, आणि शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या लाल शाई खर्च करतात. माझं मत विचाराल तर आजी बरोबर आहेत. पैसे असते तर घेतलं असतं. आपण नाही का दोन्हीकडे ‘असतं’च लावत? ‘मला पंख असते तर’ या विषयावर वह्या भरून आलेली मी. जरला एक वेश आणि तरला दुसरा, हा खर्च मला आजही अनाठायी वाटतो. परीक्षेत मात्र मी निमूटपणे तुबिएरा लिहिते.

डिसेंबरात आजींनी नाताळच्या लॉटरीचं तिकीट घेतलं. सोडत 22 तारखेला. जिन्यात धाप टाकत मला ते दाखवून म्हणाल्या, “सी मे तोकारीआ ला लोतेरीआ, कोम्प्रारीआ...” लागली तर लिफ्टवालं घर घेईन. एका वाक्यात तीन खाड्या. मी हसले, तर म्हणाल्या, “हो, माहीत आहे, माझ्या आजीला चाकं असती तर ती सायकल झाली असती!” ही इथली म्हण. मग मी आपली सांगितली. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. बाईंची आठवण ठेवून अगदी शुद्ध: “सी मी तीआ तुबिएरा बिगोते...”

“तेन्द्रीआ,” आजींनी मला मध्येच थांबवून दुरुस्त केलं. मग वरच्या ओठावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “आणि माझ्याकडे बघ जरा. मला अजून कुणी काका म्हटलेलं नाही.”