पिक्चर कसा हाय?

'दशावतार' हा मराठी सिनेमा आला तेव्हा बेळगावात जो तो एकच सांगत सुटला होता: हा मराठीतला 'कांतारा'! त्या कन्नड सिनेमाशी केलेली ही तुलना मला आळशी वाटते. लोककला, जंगल, जमीन, सत्ता हे सामान दोन्हीकडं सारखं, स्वयंपाक मात्र वेगळा. 'कांतारा'त शेवटी ऋषभ शेट्टीच्या अंगात दैव, म्हणजे गावचा राखणदार देव, संचारतं आणि प्रेक्षकानं मुकाट हात जोडायचे. 'दशावतार'मधल्या बाबुली मेस्त्रीचं तसं नाही. नजर अधू होत चाललेला दशावतारी तो, रंग पुसला की घरातला म्हातारा बाप. पोरगा म्हणतो, आता थांबा; ह्याचे पाय काही थांबत नाहीत. 81 वर्षांचे दिलीप प्रभावळकर ते ज्या सहजतेनं करतात, त्यापुढं उत्तरार्धातली सूडाची पळापळ मला फिकी वाटली. खानापूरचे आमचे पाहुणे मात्र 'कांतारा'च्याच बाजूचे. जंगलातल्या माणसाची फॉरेस्टवाल्याशी होणारी वादावादी त्यांना पडद्यावर बघायची गरज नाही. भीमगड अभयारण्य त्यांच्याच तालुक्यात.

एक बरं आहे, आमच्याकडं सिनेमाची भाषा कुठली हे शेवटी विचारतात. आधी विचारतात मारामारीचा, देवाचा, भुताचा की रडका? बेळगावात एकाच घरातली आजी मराठी मालिका बघते, नातू कन्नड हिरो यशचा फॅन असतो आणि रविवारी सगळे मिळून हिंदी सिनेमाला जातात. पुण्या-बेंगळुरूच्या समीक्षकांना ही सोय नाही. ते आपापल्या भाषेच्या सिनेमाला जरा हात सैल सोडून स्टार देतात.

आता 'छावा'. विकी कौशलनं जीव ओतलाय, शंकाच नाही. पण पूर्वार्धात एक लढाई संपते न संपते तोच दुसरी सुरू, आणि पार्श्वसंगीत तर संवादाच्याही अंगावर धावून येतं. येसूबाईला दोन घटका निवांत बोलू दिलं असतं तर शेवटचा छळ आणखी जिव्हारी लागला असता. हे मत मी थिएटरच्या आवारात मांडलं नाही. ज्या गावात धर्मवीर संभाजी चौक आहे, तिथं असली मतं घरी येऊन, दार लावून मांडावीत.

भुताच्या खात्यात दोन आले. 'जारण'मध्ये अमृता सुभाषचा नुसता चेहरा बघून घाबरायला होतं, आवाजांचे दणके उगाचच. 'सु फ्रॉम सो' मात्र कन्नडमधला खरा मासला. अंगात आल्याचं सोंग एका पोराच्या अंगाशी येतं आणि अख्खं गाव त्याच्याभोवती गोळा होतं. किनाऱ्याकडची कन्नड आमच्या भागात धड कुणाला कळत नाही, तरी हॉल हसत होता. गावातले रिकामटेकडे सगळीकडं सारखेच, त्यांना सबटायटल लागत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत आवडला जयंत सोमलकरांचा 'स्थळ'. विदर्भातली शिकलेली मुलगी पुन्हा पुन्हा त्याच स्टुलावर येऊन बसते. समोर पाहुणे. नाव काय, शिक्षण किती, उंची किती? दर वेळी तेच प्रश्न, तीच मान खाली. संगीताचा मारा नाही, खलनायक नाही. बापाच्या कापसाचा भाव आणि पोरीचं लग्न एकाच हिशेबात अडकलेलं.

मोठ्या उत्साहानं शेजारच्या काकूंना सांगितलं, हा चुकवू नका. 2025 मध्ये तिकिटाला दोनशे रुपयांची मर्यादा कर्नाटक सरकारनं घातली होती आणि कोर्टानं तिला स्थगितीही दिली होती, त्यामुळं काकूंना दरांची खडान्‌खडा माहिती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "पोरगी बघायला येतात, पोहे खातात, आणि कळवतो म्हणून जातात, हेच न्हवं? आमच्या धाकटीचं दोन वर्षं तेच चाललंय की! त्याला आणि तिकीट काढून बघू होय? त्या भुताच्याला न्हे मला."