ठुशी बसते तिथे

सोमवार, रात्री

आज ओपीडीत गाठीमुळे गळ्यातली अर्धी थायरॉइड ग्रंथी काढायची दोन ऑपरेशनं ठरली. दोघांचाही पहिला प्रश्न तोच, "डाग किती दिसणार?" ४ ते ५ सेंटीमीटरचा आडवा छेद, गळ्याच्या मूळच्या वळीत, बायकांची ठुशी बसते साधारण तिथेच. वर्षभरात तो वळीतच मिसळतो. डागाचं सगळे विचारतात. आवाजाचं, पहिल्या रात्रीचं आणि सहा आठवड्यांनंतरच्या रक्ताचं मात्र आपण होऊन सांगावं लागतं.

दुसरा ठरलेला प्रश्न नातेवाइकांचा. सुईच्या तपासणीत कॅन्सर सापडला नाही, मग कापायचं कशाला? काही गाठींत पेशी बघून निकाल लागतच नाही. गाठीभोवतीचं आवरण पेशींनी भेदलंय का, यावर तो ठरतो. गुळाच्या रव्यातून चिमूटभर काढून चाखली तर गूळ कसा आहे ते कळेल, रव्याभोवतीचं फडकं कुठे फाटलंय ते कळणार नाही. त्यासाठी अख्खा रवाच फिरवून बघावा लागतो. म्हणून गाठ असलेली बाजू आणि दोन बाजूंना जोडणारा मधला पूल काढायचा, दुसरी बाजू जागेवर ठेवायची. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे सौदे बघितलेल्यांना हे एका वाक्यात पटतं.

मंगळवार

उद्याच्या पेशंटची फाइल लावली. टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी), कॅल्शियम, हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट, ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांचा शेरा. एक कागद हमखास राहतो, तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरतंतू बघितल्याचा. "आवाज चांगला आहे की, मग कशाला?" असं म्हणून लोक तो टाळतात. पण एक तंतू आधीच निकामी असेल तर दुसरा त्याचं काम सांभाळून घेतो आणि आवाजावरून काहीच कळत नाही. नेमकं त्या चांगल्या बाजूलाच ऑपरेशन असेल आणि तिथली नस दुखावली, तर प्रश्न आवाजापुरता न राहता श्वासापर्यंत जातो.

ऑपरेशनआधी मोबाइलवर दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. मोठ्याने वाचायचं, लांबून हाक मारायची, वरच्या पट्टीत एक ओळ म्हणायची. वरच्या पट्टीची नस वेगळी असते. ती दुखावली तर साधं बोलणं ठीक वाटतं, हाक मात्र पोचत नाही. शिक्षिका, भाजीवाल्या, सौद्यात बोली पुकारणारे, भजन म्हणणारे, यांनी आपलं काम काय ते सर्जनना आधीच सांगावं.

गोळ्यांचं स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी बहुधा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. साखरेच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ३ दिवस आधी बंद, नाहीतर उपाशीपोटी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. बीपीची गोळी मात्र बहुतेकांना पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच असते. कुठली घ्यायची, कुठली नाही, हे भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्यावं.

आणि मिश्री. "तंबाखू खाता का?" म्हटलं की मावशी ठामपणे नाही म्हणतात. "दात कशाने घासता?" असं विचारावं लागतं. मिश्री, बिडी, सिगारेट सगळं थांबवायचं, जितक्या आधी तितकं बरं. खोकल्याची उबळ आली की गळ्यातल्या शिरांवर दाब येतो आणि बांधलेली बारीक रक्तवाहिनी सुटू शकते.

बुधवार, पहाटे

जड, तेलकट खाणं ८ तास आधी बंद, हलकं खाणं ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. "नुसता चहाच प्यालोय की, सिस्टर," हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर येतं आणि यादीतला नंबर मागे जातो. दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच थांबतो. भूल देताना तो उलटून फुप्फुसात गेला तर निस्तरायला आठवडे लागतात.

मंगळसूत्र, ठुशी, नथ, जोडवी, अंगठ्या घरीच ठेवून यावं. रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारं हत्यार वापरतात, धातूपाशी चटका बसू शकतो. नेलपॉलिश काढायचं, बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र त्यातून चुकीचं वाचू शकतं. हलणारा दात, कवळी असेल तर सांगायचं. पुढून बटणांचा सदरा किंवा गाऊन हवा, कारण डोक्यावरून कपडा चढवताना मान वर करावी लागते.

बुधवार, रात्र

ऑपरेशन दीड-दोन तासांत होतं. खरी पहाऱ्याची वेळ आत्ताची.

गळ्यात आत रक्त साठणं हे शंभरात एखाद्यालाच होतं. त्यातलं बरंचसं पहिल्या ६ तासांत, बहुतेक २४ तासांत. होतं असं, की बंद जागेत रक्त भरलं की आधी शिरा दाबल्या जातात. डोक्याकडून परतणारं रक्त अडतं आणि स्वरयंत्राच्या आतलं अस्तर सुजतं. वाट मुख्यतः त्या आतल्या सुजेने बंद होते. म्हणून बाहेरून गळा थोडासाच फुगलेला दिसला तरी आत बरंच घडलेलं असू शकतं.

ड्रेनची, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली रिकामी आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. नळीत गुठळी अडकली तर बाटली रिकामी आणि गळा भरलेला, असंही होतं.

बघायचं काय? गळा घट्ट वाटणं, आवळल्यागत होणं. आडवं पडवत नाही म्हणून उठून बसण्याची धडपड. आवाज बदलणं, थुंकी गिळता न येणं, श्वास घेताना शीळ. यातलं एकही दिसलं तर सोबतच्या माणसाने बेल दाबून वाट बघत बसू नये, दारात येऊन ओरडावं. अशा वेळी टाके पलंगावरच उघडून रक्ताला वाट करून देतात. थिएटर नंतर. म्हणून टाके काढायचा ट्रे पहिल्या रात्री उशाशीच असतो.

उशाकडची बाजू ३० अंश वर. दर तासाला पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव म्हणायला लावायचं, आवाज कानावर राहतो. उलटी, खोकला, वाढलेलं बीपी या तिन्हींवर लगेच औषध द्यायचं. आणि गळा उघडा दिसला पाहिजे! बाहेर पावसाची झोड, त्यामुळे आजच घरच्यांनी मायेने मफलर गुंडाळला होता. काढायला लावला. थंडी वाजत असेल तर पायावर पांघरूण घाला.

गुरुवार

सकाळची पहिली तक्रार गळ्याची नसते, मानेच्या मागच्या बाजूची असते. ऑपरेशनमध्ये खांद्याखाली उशी देऊन मान मागे टाकलेली असते, ते दुखणं. शेक आणि पॅरासिटामॉलने दोन-तीन दिवसांत जातं. घसा खवखवतो तो भुलीच्या नळीने.

आवाज थोडा बसलेला, लवकर थकणारा असतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत भरून येतो. कुजबुजू नये, कुजबुजण्याने स्वरयंत्रावर ताण येतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोलावं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर हनुवटी छातीकडे झुकवून लहान घोट घ्यायचे आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. मऊ भात, साधं वरण, गार दूध चालतं. कांदा-लसूण चटणी आणि तांबडा रस्सा आठवडाभर लांब बरा. जखमेला त्याने काही होत नाही, पण ठसका लागतो.

कॅल्शियमचा गोंधळ शेजारच्या पलंगामुळे होतो. पूर्ण थायरॉइड काढलेल्याला दिवसातून तीनदा कॅल्शियम, मग आपल्याला का नाही? थायरॉइडच्या मागे बहुतेकांना डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या राखतात. अर्धी बाजू काढताना दुसऱ्या बाजूच्या दोघींना हातच लागत नाही, तेवढ्या पुरतात. तरीही ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर सांगायचं.

शुक्रवार

डिस्चार्जच्या वेळी सांगायच्या गोष्टी. दोन आठवडे ४-५ किलोपेक्षा जड काही नाही. म्हणजे भरलेली घागर नाही, दुधाचा कॅन तर नाहीच. मान दोन्हीकडे न दुखता वळेपर्यंत दुचाकी नाही. तालमीत जाणाऱ्याने मानेचा पूल आणि लढत सर्जननी हो म्हटल्याशिवाय करू नये. वस्ताद काहीही म्हणोत.

दोन-तीन आठवड्यांनी छेदाच्या वर टणक उंचवटा लागतो, गिळताना कातडी ओढल्यासारखी वाटते. "गाठ परत आली" म्हणून घाबरून फोन येतात. ते आतलं भरून येणं असतं, दोन-तीन महिन्यांत मऊ होतं. जखम पूर्ण मिटली की सिलिकॉन जेल, मग बोटाने हलका मसाज, आणि ऊन टाळायचं. ठुशी निदान दोन-तीन महिने डब्यातच. तिचे मणी नेमके ताज्या वणावर घासतात.

शनिवार

बायोप्सीचा रिपोर्ट साधारण ७ ते १० दिवसांत येतो. त्यात काही निघालं तर उरलेली बाजू काढायची का, यावर बोलणं होतं. प्रत्येक वेळी काढावी लागतेच असं नाही.

टीएसएच ६ आठवड्यांनी. उरलेली अर्धी बाजू बहुतेकांना पुरते, पण साधारण पाचातल्या एकाला लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, लागते. ऑपरेशनआधीच टीएसएच वरच्या टोकाला असेल तर शक्यता जास्त. ही गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी ४ तासांनी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या निदान २ दिवस आधी बंद करा, त्याने टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं.

कालच्या डिस्चार्जवाल्या दादांची सहा आठवड्यांची तारीख ऐन गणपतीत येत होती. "गणपतीत कोण येतंय रक्त द्यायला?" म्हणाले. आठवडाभर पुढे गेल्याने बिघडत नाही. कार्डाच्या पाठीमागे लाल पेनाने विसर्जनानंतरचा मंगळवार लिहून दिला, आणि वहिनींच्या मोबाइलमध्येही टाकायला लावला.