सोलापुरातलं वाण: चहाच्या पुड्या आणि चहाची नानकटाई

संक्रांतीचं वाण वापरून संपणारं असावं, असं माझं ठाम मत आहे. प्लास्टिकच्या वाट्या, चाळण्या, टिकल्यांची पाकिटं वर्षभर माळ्यावर पडून राहतात आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या कुणाच्या हातात जातात. म्हणून यंदा संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला जायचं ठरल्यावर मावशी फोनवर म्हणाली, "तिकडून काही आणू नकोस गं, वाण इथंच घेऊ, चहाचं," तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण या गाडीच्या नावात आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. यात्रा आणि त्यांचा स्मृतिदिन एकाच सुमारास येतात, त्यामुळे या दिवसांत पुण्याहून सोलापूरला जाताना मला ती नावं आठवतातच.

सकाळी मावशीबरोबर बाजारात गेले. बाळीवेशीकडून मधल्या मारुतीपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. सुगडी, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी, हलव्याचे दागिने. नंदीध्वजांबरोबर, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांबरोबर, चालणाऱ्या भक्तांसाठी पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) टांगलेल्या. मावशी सुगडीवालीशी कानडीत घासाघीस करत होती, शेजारच्या टोपलीवर तेलुगूत हिशेब चालला होता आणि मधूनच मला मराठीत विचारलं जात होतं, "ताई, डहाळे घ्या की, कोवळे आहेत." सोलापूरचा हा तीन भाषांचा बाजार मला फार आवडतो.

चहाचं दुकान बाजारामागच्या एका बोळात आहे. एक गल्ला, एक वजनकाटा, मागे भिंतभर पत्र्याचे डबे, बस्स. मसाल्याचा एकही डबा दुकानात नाही, आणि त्याचं कारण थोड्याच वेळात कळलं. मावशीने ताज्या शेंगाच्या चटणीची पिशवी गल्ल्यावर ठेवली, तशी मालकांनी ती हळूच उचलून बाहेरच्या खिळ्याला अडकवली. "राग मानू नका ताई. चहा वास ओढतोय. ह्या चटणीत लसूण आहे, उद्या तुमच्या चहाला लसणीचा वास येईल बघा." चहाच्या याच गुणावर चिनी मोगरी चहा बनतो. तिथे रात्री उमलणारी मोगऱ्याची फुलं चहापत्तीत मिसळून ठेवतात आणि पत्ती तो सुगंध पिऊन घेते.

मग त्यांनी आमची चौकशी सुरू केली. घरात पाणी नळाचं की बोरचं? दूध म्हशीचं की पिशवीचं? चहा किती वेळ उकळता? डॉक्टरांनीही मला इतक्या आस्थेने कधी विचारलेलं आठवत नाही. बोरच्या जड पाण्यात पत्तीचा सुगंध दबतो, म्हणून अशा घरांसाठी ते आसामच्या दाणेदार चहात थोडी डस्ट वाढवतात. डस्ट बारीक असते, लवकर उतरते आणि रंगाला कडक. नळाचं पाणी आणि म्हशीचं दूध असेल तर नुसता दाणा पुरतो.

हा गोल दाणा निघतो सीटीसी यंत्रातून. पान चिरडून, फाडून, वळवणारं हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी तयार केलं. आपला दूध घालून उकळलेला कडक चहा या दाण्यावरच उभा आहे. सबंध पान ठेवून वळलेला चहा वेगळा. तो मालक एका कोपऱ्यातल्या डब्यात ठेवतात, आणि जानेवारीत त्यांचा जीव त्या डब्यातच असतो. थंडीत आसामचे मळे छाटणीसाठी बंद असतात. निलगिरीत मात्र तोडणी चालू असते आणि डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात सावकाश वाढलेल्या पानाला खास सुगंध येतो. त्यांनी डब्यातली चिमूटभर पत्ती माझ्या तळहातावर ठेवली, मूठ झाकायला लावली आणि म्हणाले, "आता मुठीत तोंडाची वाफ सोडा, आणि लगेच वास घ्या." कोरड्या, काळसर पत्तीतून एकदम फुलाचा, थोडा संत्र्याच्या सालीचा वास आला. मावशीला दिली तर ती मूठ सोडेचना.

आत दुकानातल्या काकू नानकटाईच्या तयारीत होत्या. पडद्यापलीकडे जाऊन बसायची परवानगी मिळाली आणि मी तिथेच रमले. तूप मंद आचेवर पातळ करून त्यात दाणेदार आसाम सोडलेला, वर झाकण. उकळू द्यायचं नाही, नुसतं गरम ठेवायचं. पाऊण तासाने सुती फडक्यातून गाळलं तेव्हा तूप फिकट तांबूस झालं होतं. मी विचारलं, पाण्यात काढा करून का घालत नाही? "पाण्यात तुरटपणा उतरतो की. तुपात वास तेवढा येतो, तुरटपणा फडक्यातच राहतो." हे शास्त्राने खरंच आहे. चहातली तुरट द्रव्यं पाण्यात विरघळतात, सुगंधी तेलं तुपात. काकू ते अनुभवाने जाणतात.

तूप गार होऊन रवाळ झालं की परातीत पिठीसाखर घालून तळहाताने फेसायला घेतात. पांढरं, हलकं होईपर्यंत हात थांबत नाही. मग मैदा, थोडं बेसन, चमचाभर रवा, वेलदोडा. गोळे वळून मध्ये अंगठ्याने दाबलं की ट्रे शेजारच्या बेकरीच्या भट्टीत जातो. पूर्वी दिवाळीत आपल्या आया असेच ट्रे घेऊन बेकरीत रांगा लावायच्या. भाजून आलेली नानकटाई जिभेवर विरघळताना आधी तूप लागतं, मग वेलदोडा, आणि गिळून झाल्यावर घशापाशी कडक चहाची चव रेंगाळते. चहात बुडवून खायची ही गोष्ट नाही, ती नुसतीच खावी.

तिळाची वडीही चहाची. चिक्कीच्या गुळाचा पाक वाटीतल्या पाण्यात टाकल्यावर टण् वाजला की भांडं खाली उतरवायचं, तीळ घालायचे आणि सगळ्यात शेवटी निलगिरीच्या पत्तीची वस्त्रगाळ पूड. पाक उकळताना घातली तर कडवट होते. मला नानकटाई जास्त आवडली, मावशीला वडी.

वाण बांधायची पद्धत तर मला इतकी पटली की तेवढ्यासाठी पुन्हा जाईन. पन्नास ग्रॅम चहाची कागदी पुडी, बटरपेपरमध्ये दोन नानकटाया, दोन वड्या, आणि हे सगळं सोलापूरच्याच मागावरच्या छोट्या टेरी नॅपकिनमध्ये गाठ मारून बांधलेलं. नॅपकिन स्वयंपाकघरात लागतो, बाकी सगळं पोटात जातं. माळ्यावर जाण्यासारखं काहीच नाही.

भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर मंदिराजवळ संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा पाहिला. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र आणि "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र"चा गजर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो तो हा क्षण. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे दोन ओळींत मावणार नाही.

संक्रांतीला मावशीकडे शेंगापोळ्या झाल्या आणि संध्याकाळी हळदीकुंकू. वाण हातात पडल्यावर समोरच्या आजींनी गाठ तिथेच सोडली, पुडीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "ठेव बाई आधण, आत्ताच पिऊन बघू." पुढचा तासभर घरात कुणी उठलं नाही. कुणाच्या घरी कसा चहा, कोण साखर आधी घालतं, कुणाच्या सासूबाईंना गवती चहाशिवाय चालत नव्हतं, एकेक गोष्ट निघत गेली. शेवटी दोघींनी दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

तुम्हाला जायचं असेल तर चहाच्या पुड्या वर्षभर मिळतात, नॅपकिनमध्ये बांधलेलं वाण रथसप्तमीपर्यंत. नानकटाई आधी सांगून ठेवावी लागते, कारण एका दिवशी एकच घाणा निघतो. किती जणींना द्यायचं आहे ते सांगा आणि घरचं पाणी कुठलं तेही सांगा. शेंगाची चटणी त्याच बाजारातून जरूर घ्या, फक्त पिशवी वेगळी न्या.