९ व्होल्ट ते ३०० व्होल्ट : आमची वाटचाल

आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड करून मी पुण्यात एका टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात लागलो. दुकानाच्या काकांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात सोल्डरिंग आयर्न दिलंच नाही. पाठ उघडलेल्या टीव्हीसमोर उभं केलं आणि डावा हात पँटच्या खिशात घालायला लावला. "पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. दोन्ही हात आत घातलेस तर करंट या हातातून त्या हातात जाणार, आणि वाटेत काळीज आहे. एक हात खिशात ठेवायचा." पुढची सहा वर्षं मी तसंच काम केलं. मग टीव्ही चपटे झाले, पिक्चर ट्यूब गेल्या आणि दुकानातलं कामही आटलं.

पेडलकडे, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्याकडे वळलो ते एका मित्रामुळे. तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा आणि त्याचं फझचं पेडल बंद पडलं होतं. तो डबा उघडला तेव्हा मला वाटलं, यातले अर्धे पार्ट कोणीतरी काढून घेतलेत. आत होते दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि दोन पॉट (फिरवायची बटणं), बस्स. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली काढलेल्या फझ फेसचं हे सर्किट. ९ व्होल्टची बॅटरी लावायची आणि गिटारच्या तारेतून येणारा बारीकसा सिग्नल इतका फुगवायचा की त्याचे शेंडे कापले जातील. ते कापणं म्हणजेच तो खरखरीत, भरलेला आवाज. तपकीर गल्लीतून डॉट बोर्ड आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणले, एका स्टीलच्या चौकोनी टिफिनला ड्रिलने भोकं पाडली आणि दुसरं पेडल बनवलं. मित्राने ते वाजवलं आणि परत द्यायला नकार दिला. आमचं पहिलं विकलं गेलेलं पेडल ते.

बायकोच्या माहेरची एक खोली रिकामी होती, तिथे दोन टेबलं टाकून सुरुवात केली. ती हिशेब, कुरियर आणि सोल्डरिंग तिन्ही बघायची, अजूनही बघते. अ‍ॅल्युमिनियमचे डबे भोसरी एमआयडीसीत पावडर कोटिंगला द्यायचो. पन्नासच्या खाली कोणी हात लावत नसे, म्हणून दोन-दोन महिने ऑर्डर साठवून ठेवाव्या लागत.

पहिल्या वर्षी परत आलेल्या पेडलपैकी बहुतेकांचं एकच दुखणं होतं. गिटारच्या पेडलला अडॅप्टरच्या पिनमध्ये आत मायनस लागतो. घरात पडलेले राउटरचे, सेट टॉप बॉक्सचे बहुतेक अडॅप्टर मात्र आत प्लस असलेले. ग्राहक तेच लावायचे आणि आतला आयसी जायचा. आम्ही डब्यावर सूचना छापली, ती कोणी वाचली नाही. शेवटी प्रत्येक पेडलच्या तोंडाशी एक डायोड टाकला, उलटा करंट तिथेच अडावा म्हणून. दीड-दोन रुपयांचा पार्ट. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. लोक चुकणार हे धरूनच वस्तू बनवायची असते, हे मला त्या डायोडने शिकवलं आणि पुढे ते फार कामी आलं.

जर्मेनियमची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती फक्त आपल्याकडच्या हवेत कळते. जुन्या फझमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. तसे ट्रान्झिस्टर बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवायची, आपल्या जुन्या रेडिओंत ते असायचे. रद्दीच्या बाजारात एसी १२८ ट्रान्झिस्टर मिळाले की मी सगळेच उचलायचो. हिवाळ्यात जुळवलेलं पेडल मे महिन्यात मात्र फुसफुसायला लागायचं, सूर मधेच तुटायचा. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की जर्मेनियमची गळती (बंद असतानाही झिरपणारा करंट) जवळपास दुप्पट होते आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर जे साडेचार व्होल्ट हवेत ते जागेवर राहत नाहीत. आता आम्ही प्रत्येक ट्रान्झिस्टरची गळती मोजून निवडतो आणि आत एक छोटा प्रिसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) देतो. गोव्यातल्या एका ग्राहकाने आम्हाला सांगितलं की तो उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकेकदा स्क्रू-ड्रायव्हरने तो फिरवतो, जसं पेटीचे सूर बघून घ्यावेत तसं. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

इथपर्यंत आमचं सगळं काम ९ व्होल्टचं होतं. ओल्या हाताने बोट लावलं तरी काही होत नाही. त्यामुळे खिशातल्या हाताची सवय हळूहळू सुटली.

मग व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारे) अ‍ॅम्प दुरुस्तीला येऊ लागले. पेडल बनवणारा माणूस अ‍ॅम्पही बघत असणार, असं गिटारवाले धरून चालतात, आणि मलाही ते काम हवंच होतं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी सहज असतं. आकडा नीट समजावा म्हणून आमच्याकडच्या मुलांना मी एक हिशेब फळ्यावर करायला लावतो. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ९ व्होल्टला भरला आणि तोच ४५० व्होल्टला भरला, तर व्होल्टेज ५० पट वाढलं. पण आत साठलेली ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे २५०० पट. ४५० व्होल्टला ती सुमारे १० ज्यूल होते. आणि ती प्लग काढल्यावरही आतच बसून राहते.

माझ्या बाबतीत तेच झालं. एक जुना अ‍ॅम्प आला होता. व्होल्टेज बघायचं म्हणून सगळे व्हॉल्व्ह काढून तो चालू केला, रीडिंग घेतलं, बंद केला, प्लग काढून वायर गुंडाळून ठेवली आणि जेवायला गेलो. दोन तासांनी परत आलो. डावा हात चॅसीवर (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर) टेकवला आणि उजव्या हाताने सॉकेटची पिन साफ करायला लागलो. पुढचं मला आठवतं ते पाठीमागच्या कपाटावर आपटलेलं कोपर. उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता आणि छातीत धडधड थांबत नव्हती. बायकोने रिक्षा बोलावली आणि सरळ ईसीजी काढायला नेलं. "मला काही झालं नाही," असं मी म्हणत होतो, तिने ऐकलं नाही. तिचं बरोबर होतं. शॉक बसल्यावर माणूस चालत-बोलत असला तरी हृदयाचे ठोके तपासून घ्यायलाच हवेत.

दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं. कंडेन्सर रिकामा करण्यासाठी त्याच्या दोन टोकांवर एक ब्लीडर रेझिस्टर असतो. २२० किलोओहमचा होता. ४०० व्होल्टला त्याच्यात पाऊण वॅटच्या आसपास उष्णता होते, आणि कोणीतरी तिथे बारका अर्ध्या वॅटचा बसवला होता. तो कधीतरी जळून ओपन झाला. व्हॉल्व्ह मी स्वतःच काढलेले, त्यामुळे तो साठा ओढून घ्यायलाही कोणी नव्हतं. आरसीसीबी (शॉक बसला की मेन तोडणारा स्विच) लावली होती ना, असं बरेच जण विचारतात. ३० मिलिअँपिअरची होती, पण ती फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक बघते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं व्होल्टेज अंगातून गेलं तर तिला पत्ताही लागत नाही. डिमरस्टॅटचंही तसंच. त्याने व्होल्टेज कमी-जास्त होतं, पण आत एकच वाइंडिंग असल्याने मेनपासून तो तुम्हाला वेगळं करत नाही.

त्यानंतर तीन महिने मी दुरुस्तीचं काम घेतलं नाही. आलेले अ‍ॅम्प परत पाठवले, काही ग्राहक कायमचे गेले. त्या तीन महिन्यांत हाय व्होल्टेजचं टेबल वेगळं केलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाकडी टेबल, खाली रबरी मॅट, मेनपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीज बोर्ड. दुरुस्त केलेला अ‍ॅम्प आधी ६० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्येच चालू होतो. बल्ब भगभगून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मुख्य स्विच टेबलावर नाही, दारापाशी आहे, म्हणजे दुसऱ्या माणसाला काम करणाऱ्याला हात न लावता तो बंद करता येतो. आणि दुसरा माणूस खोलीत असल्याशिवाय ते टेबल चालू होत नाही. हा नियम मलाही आहे.

टेबलाच्या कडेला एक काठी टांगलेली असते. एक हात लांब फायबरची नळी, टोकाला १० किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर, दुसऱ्या बाजूला चॅसीला लावायची मगर क्लिप. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर तिने साधारण पाच सेकंदांत रिकामा होतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवायची पद्धत आमच्याकडे बंद आहे. त्याने कंडेन्सर खराब होतो, आणि उडालेला धातू डोळ्यात जाऊ शकतो. रिकामा झाला की मीटरने बघायचं, आणि काम संपेपर्यंत क्लिप तशीच ठेवायची. मोठे कंडेन्सर रिकामे केल्यावरही आपोआप थोडे परत भरतात. विश्वास बसत नसेल तर मीटर लावून दहा मिनिटं आकडा बघत बसावं. मी प्रत्येक नव्या मुलाला बसवतो.

आमचं व्हॉल्व्हचं पेडल याच टेबलावर तयार झालं. बाजारात १२एएक्स७ व्हॉल्व्ह १२ व्होल्टवरच उपाशी चालवणारी पेडल मिळतात. आम्हाला पूर्ण व्होल्टेजचा आवाज हवा होता. म्हणून आत १२ व्होल्टचे २५० व्होल्ट करणारं सर्किट घातलं. अडॅप्टर साधा १२ व्होल्टचा, आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण बघणाऱ्याला वाटतं हे खेळणं आहे. ब्लीडर आम्ही दोन लावले, पॅरलल, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील. क्वार्टर वॅटचे साधे रेझिस्टर बहुधा २५० व्होल्टपर्यंतच टिकाऊ असतात, म्हणून एक वॅटचे. झाकणाचे स्क्रू वेगळ्या खाचेचे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत २५० व्होल्ट असल्याची सूचना.

एका गोष्टीवर मात्र आमचा ताबा नसतो, ती म्हणजे अर्थिंग. गिटारच्या तारा, पेडलचा डबा आणि अ‍ॅम्पची चॅसी हे सगळं केबलच्या जाळीने एकमेकांना जोडलेलं असतं. हम (स्पीकरमधली घरघर) येतो म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी, अर्थची पिन कापून टाकायची खोड आपल्याकडे गणपतीच्या मांडवापासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे आहे. अशा अ‍ॅम्पमध्ये फेज चॅसीला लागला की २३० व्होल्ट थेट तारांवर येतात, आणि गाणाऱ्याचे ओठ जेव्हा अर्थ असलेल्या माइकला लागतात तेव्हा करंट त्याच्यातून जातो. स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीत स्टेजवर माइकचा शॉक बसून गेला. हम घालवायचा असेल तर अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, सिग्नलच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (सिग्नल जाऊ देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा डबा) लावा, आणि पिनला हात लावू नका. पिन कापलेला अ‍ॅम्प आला तर आम्ही आधी तीन पिनचा नवा प्लग बसवतो, त्याचे पैसे घेत नाही. "जुनाच ठेवा दादा," म्हणणारे भेटतात. त्यांचा अ‍ॅम्प आम्ही घेत नाही.

आता आम्ही पाच जण आहोत. त्यातल्या दोघी आयटीआयच्या, एक मुलगा शाळा सोडून आलेला. तो मार्चमध्ये लागला. पेडलचं सोल्डरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ करतो, आणि हाय व्होल्टेजच्या टेबलावर कधी बसायला मिळेल असं दर आठवड्याला विचारतो. परवा त्याला बसवला. त्याने आधी दाराकडे बघून दुसरं कोणी खोलीत आहे ना याची खात्री केली, काठी लावली, मीटर बघितला. मी काही म्हणायच्या आत त्याचा डावा हात खिशात गेला होता.