नाला उलटा चालावा

आर्वी तालुक्यातला हा नाला जेमतेम सात किलोमीटरचा. वरच्या वस्तीत त्याला एक नाव, खालच्या गावात दुसरंच. पाणी धाम नदीत, तिथून वेणा नदीतून पुढं वर्धेत, मग प्राणहितेत आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत.

आम्ही संगमापासून वर निघालो. उगमाकडून निघालं तर फसगत ठरलेली: वरच्या अंगाला नाला म्हणजे वावरांमधल्या दहा चऱ्या, खरी कोणती ते कळत नाही. खालून येताना प्रत्येक फाट्यावर जास्त पाण्याची बाजू धरायची, बस. दिवस दसरा-दिवाळीचे बरे. त्याआधी काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते. गहू-हरभऱ्यासाठी काठच्या विहिरींवरचे पंप सुरू झाले की धार तुटते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात कोरडे नाले काळ्या रेघेनं, पाण्याचे निळ्या रेघेनं दाखवतात. हा काळा आहे, पण ऑक्टोबरात त्यावर विसंबू नका, घोटाभर पाणी असतंच.

पहिल्या मोठ्या वळणावर थांबण्यासारखं आहे. बाहेरची थडी अडीच मीटर उभी कापलेली. वर काळी माती, उभ्या भेगांची. तिच्याखाली पिवळसर थर, त्यात चुनखडीचे बोराएवढे खडे. मग मुरूम, आणि तळाला काळा पाषाण. मुरूम जिथं पाषाणावर टेकतो त्या रेघेवर बोट लावलं तर ओलं होतं. पावसाचं मुरलेलं पाणी पाषाणात उतरत नाही, म्हणून ते आडवं इथं पाझरतं. पाऊस थांबल्यावर नाला वाहतो तो याच पाझरावर. थडी ढासळते तीही ऐन पुरात कमी, पूर ओसरल्यावर जास्त: माती भिजून जड झालेली असते आणि समोरून टेकू देणारं पाणी निघून गेलेलं असतं. त्यामुळे भेगेच्या कडेशी उभं राहून फोटो काढू नये.

धार मोजायला सरळ, दगड नसलेला दहा मीटरचा तुकडा निवडला. सुकी काडी सोडली, ४० सेकंद लागले. रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर. काडी वरच्या वेगानं जाते, तळाशी पाणी मंद असतं. म्हणून रुंदी, खोली आणि वेग यांच्या गुणाकाराला ०.८ नं गुणायचं. सेकंदाला साधारण ३६ लिटर निघाले. एकच काडी सोडून भागवू नका, तीनदा सोडा. काठाच्या लव्हाळ्यात अडकलेली धरायची नाही.

मधल्या रपट्याची, म्हणजे नळ्या टाकलेल्या ठेंगण्या पुलाची, दैना बघवत नाही. नळ्यांत पऱ्हाट्या आणि प्लास्टिक अडकलं की पाणी रपट्याच्या टोकाला वळसा घालून बाजूचा धुरा (शेताचा बांध) खातं. त्याच्या खालच्या बाजूचं खोलीकरण तर मुरूम फोडून पाषाणापर्यंत नेलंय. तळ खाली गेला की वरचा तळ कापला जात मागं सरकतो, रपट्याचा पाया उघडा पडतो, आणि शेजारच्या विहिरींचं पाणीही नाल्याकडं ओढलं जातं. खोली हवी, पण मुरमाच्या आत थांबलेली.

रपट्यानंतर बेशरमाची झुडपं संपतात, सिंदी लागते. शेवटचा दीड किलोमीटर सागाचा उतार. डबकी दूर दूर होत जातात. एका उंबराखाली मनगटाएवढा झरा, त्याच्यावर फक्त कोरडे दगड. परतीला नाल्यातून येऊ नका, उजवीकडची पांदण धरा: तासाभरात डांबरी रस्ता.