मध्यावधीचा अंदाज बांधण्याआधी मोजणीचा क्रम बघा

आज दिवसभर अमेरिकेच्या मध्यावधीवर वाद चालला होता, म्हणून लिहितोय. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे मुदतीआधी लागलेली निवडणूक. तिकडे ती ठरलेलीच असते: अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मधोमध, संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश.

लोक चुकतात ते पहिल्या रात्रीचे आकडे बघून. पेनसिल्व्हेनिया राज्यात पोस्टाने आलेली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडताच येत नाहीत. त्यामुळे कधीकधी आधी केंद्रांवरची मतं दिसतात, रिपब्लिकन पुढे वाटतात, आणि पाकिटं (त्यांत डेमोक्रॅटांची मतं जास्त) फुटत जातात तशी आघाडी विरघळते. यात घोटाळा काही नसतो, निव्वळ क्रम असतो. फ्लोरिडात उलट, टपाली मतांची छाननी आधीच झालेली असते. २०२२ ला नेवाडाच्या सिनेट जागेचा निकाल चार दिवसांनी स्पष्ट झाला, फरक आठ हजारांच्याही आत! कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघात तर ५४६ मतं.

आणि सर्वेक्षणातली '±३ टक्के' ही चूक एकेका उमेदवाराच्या टक्केवारीची असते. दोघांमधल्या फरकाला ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे ४ टक्क्यांची आघाडी दिसली तरी जागा खिशात धरू नका. पैज लावायचीच असेल तर आधी विचारा, कुठल्या काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) मोजणी बाकी आहे आणि तिथली किती पाकिटं उघडायची राहिलीत.