कुंझुमच्या वाटेवरच्या नाल्यातून आल्यावर: काझात जिप्सीच्या क्राऊनचं तेल बदललं त्याची गोष्ट

हिमाचलच्या स्पितीतल्या काझात सकाळी सात वाजता मी जिप्सीखाली आडवी झाले आणि मागच्या क्राऊनचा ड्रेन नट जेमतेम अर्धा फेरा सैल केला. आधी पाणी आलं. चार-पाच थेंब, अगदी नितळ. त्यामागून तेल आलं, पण त्याचा रंग बघून पोटात खड्डा पडला. गिअर ऑइल मधासारखं असतं, जुनं झालं की काळपट होतं. हे मात्र दुधात कालवलेल्या नाचणीच्या आंबिलीसारखं दिसत होतं. नट लगेच परत आवळला आणि भावाला हाक मारली, "चहा राहू दे, आधी खाली ये."

क्राऊन म्हणजे डिफरन्शियल, इंजिनची ताकद ॲक्सलच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा दात्यांचा डबा. गॅरेजमध्ये सगळे क्राऊनच म्हणतात. चारही चाकांनी ओढणाऱ्या आमच्या जिप्सीत तेलाच्या चार वेगळ्या जागा आहेत: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे पाठवणारा डबा), पुढचा क्राऊन आणि मागचा क्राऊन. इंजिन ऑइलची काळजी सगळे घेतात, या चार जागा वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. स्पितीला किंवा लडाखला फोर बाय फोर घेऊन निघालेल्या प्रत्येकाने निघण्याआधी या चार जागांचं काम स्वतःच्या हाताने एकदा तरी करावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचा रस्ता असा होता: पुणे ते मनाली, अटल बोगद्यातून पलीकडे, तिथून उजवीकडे खोकसर, ग्राम्फू, छत्रू, छोटा दारा, बातल, मग कुंझुम पास चढून लोसर आणि काझा. परत येताना ताबो, नाको, रेकाँग पिओ, रामपूर, शिमला. आम्हाला सुट्टी कमी होती म्हणून मनालीकडून गेलो. तुमच्याकडे दिवस असतील तर शिमल्याकडून चढा. उंची हळूहळू वाढते आणि विरळ हवेचा त्रास कमी होतो. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे एका दिवसात पोहोचलं की डोकं ठणकतंच.

बोगद्याच्या ९ किलोमीटरमध्ये पूर्वीचे रोहतांगचे काही तास वाचतात, पण ग्राम्फूला वळल्यावर डांबर जवळजवळ संपतं. पुढचा बातलपर्यंतचा रस्ता म्हणजे नदीकाठची दगडगोट्यांची वाट, आणि तिला आडवे येणारे बर्फाच्या पाण्याचे नाले. आम्ही मनालीहून पहाटे साडेचारला निघालो होतो ते याच हिशोबाने. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर नाले फुगतात. सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी तीन वाजता मांडीला लागतं. पण छत्रूच्या पुढे एक ट्रक आडवा अडकला होता, तो निघेपर्यंत आमचे चार तास गेले. छोटा दारा सोडून पुढच्या मोठ्या नाल्यापाशी पोहोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

खरं तर तिथेच थांबून सकाळी पार करायला हवं होतं. पुढे चार गाड्या गेलेल्या पाहून आम्हीही गेलो. भाऊ काठी घेऊन पाण्यात उतरून बघून आला, पुढची चाकंही ओढू लागावीत म्हणून त्यांचे हब लॉक केले, ट्रान्सफर लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त) टाकला, पहिल्या गिअरमध्ये संथ निघालो. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मधोमध मागचं चाक एका मोठ्या गोट्याला अडलं आणि गाडी थांबली. मागचा ॲक्सल पूर्ण पाण्याखाली, पाणी बर्फाचं. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांनी चाकाखाली दगड रचून दिले आणि दहा-बारा मिनिटांनी आम्ही बाहेर आलो. त्यांचे उपकार विसरणार नाही. आपला जेवणाचा डबाही त्यांनी आमच्यापुढे केला.

त्या दहा मिनिटांत काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. दिवसभर चढून क्राऊनची बॉडी चांगली तापलेली असते, आतलं तेल गरम, तेलावरची हवा गरम. ती एकदम बर्फाच्या पाण्यात बुडते. आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढू लागते. ॲक्सलच्या वर एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तिचं काम हवा आत-बाहेर करू देणं. ती पाण्याखाली गेली तर तिथून पाणी ओढलं जातं. आणि ती चिखलाने बुजलेली असली तर ओढ ऑइल सीलवर येते. सील आतलं तेल बाहेर जाऊ नये यासाठी बनवलेलं असतं, बाहेरचं पाणी रोखायला ते तितकंसं पुरत नाही. आमची टोपी बुजलेली होती. दोन पावसाळे सह्याद्रीतल्या लाल मातीतून गाडी फिरवली, ती माती तिथे वाळून सिमेंटसारखी झाली होती. पुढच्या ॲक्सलच्या ब्रीदरला मी आधीच रबरी नळी जोडून ती इंजिनच्या बाजूला वर नेली होती. मागच्याचं काम राहून गेलं होतं. पुढच्या क्राऊनचं तेल स्वच्छ निघालं आणि मागच्याचं आंबील झालं, ते एवढ्याच फरकाने.

गाडी नाल्यातून निघाल्यावर काहीच वेगळं जाणवलं नाही. आवाज नाही, कंप नाही. बातलला रात्र काढली, दुसऱ्या दिवशी कुंझुमला मंदिराला प्रदक्षिणा घातली, दुपारी पाचला काझात शिरलो. मी तेल बघितलं ते केवळ पुण्याच्या आमच्या मिस्त्रीकाकांच्या सांगण्यामुळे. निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले होते, "ताई, चाकाच्या मधापर्यंत पाणी लागलं की गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी हलवायच्या आत खालचा नट थोडा सैल करून बघायचा. पाणी तेलापेक्षा जड. रात्रीत तळाला बसतं. पहिला थेंबच सांगेल." बातलच्या थंडीत मला ते सुचलं नाही. तिथेच बघितलं असतं तर कुंझुमचा चढ त्या तेलावर चढावा लागला नसता.

पाणी मिसळलेलं तेल चालवून बघू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. क्राऊनच्या मोठ्या चाकाचे आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसटतात. त्या घसटीत धातूला धातू लागू नये यासाठीच ते घट्ट तेल असतं. फेसाळलेल्या तेलाचा थर टिकत नाही, आणि बेअरिंगला गंज चढायला पाण्याला फार दिवस लागत नाहीत. काझात क्राऊन बसला तर गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी लागेल.

आता प्रत्यक्ष काम. जागा सपाट हवी, नाहीतर तेलाची पातळी चुकते. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलमध्ये असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, ती घरंगळते. दांडा टू हायमध्ये (नेहमीच्या दोन चाकांच्या जागी) आहे हे बघूनच गाडीखाली जा. जिप्सी उंच आहे, जॅक लावावा लागत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

पहिला नियम: भरायचा नट उघडल्याशिवाय काढायचा नट उघडायचा नाही. वरचा फिलर नट उघडलाच नाही आणि खालून तेल सांडून बसलात, तर भरणार कुठून? आमच्या बाबतीत हेच होता होता वाचलं. निघण्याआधी एका गॅरेजमध्ये गाडी दिली होती, तिथे कुणीतरी मागचा फिलर नट पान्याला पाइप लावून आवळला होता. माझ्या पान्याने तो हलेना. जोर लावला तर कडा गुळगुळीत व्हायला लागल्या, म्हणून थांबले. बाजाराच्या खालच्या अंगाला एक मिस्त्री आहे, त्याला बोलावून आणलं. त्याने आधी नटाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले, डिझेल सोडलं, पंधरा मिनिटं बिडी ओढत बसला, मग नीट बसणारी गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा लावून एकाच झटक्यात सोडवला. घाई केली नाही म्हणून आटे वाचले.

एरवी तेल काढताना गाडी थोडी चालवून गरम करतात, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट बाहेर येतं. पाणी शिरलेलं असेल तेव्हा मात्र उलट करा. चालवलं की तळाला बसलेलं पाणी पुन्हा घुसळलं जातं. रात्रभर उभी असलेली गाडी तशीच थंड उघडा आणि तेल ठिबकायला भरपूर वेळ द्या. आम्ही पाऊण तास दिला. नटाच्या टोकाला करड्या लोण्यासारखा लेप आला होता. तो बोटांवर चोळून बघितला. गुळगुळीत लेप ही नेहमीची झीज असते, बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र दाते तुटायला लागलेत असं समजा. आमच्या लेपात टोचणारं काही नव्हतं. तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला.

तेल भरायची अडचण वेगळीच. काझात सकाळी गिअर ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, पंपातून चढेना. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी गरम पाण्याची बादली दिली, त्यात कॅन वीस मिनिटं ठेवला आणि मग ते सरसर गेलं. फिलरच्या भोकातून तेल ओघळू लागलं की थांबायचं, ओघळ थांबू द्यायचा, मग नट लावायचा. जिप्सीच्या मागच्या क्राऊनला दीड लिटर लागतं, पुढच्याला दोन, गिअरबॉक्सला १.३ आणि ट्रान्सफर केसला ०.८. तुमची गाडी दुसरी असेल तर तिच्या पुस्तिकेतले आकडे घरीच कागदावर लिहून घ्या. काझात नेटवर्कचा भरवसा धरू नका.

तेल कुठलं, यावर लोक फार गोंधळ घालतात. दोन्ही क्राऊनला जीएल-५ दर्जाचं ८० डब्ल्यू ९० (हा घट्टपणाचा आकडा). गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला जीएल-४. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. हाताला दोन दिवस जो उग्र वास येतो तो त्याचाच. क्राऊनच्या दात्यांना ती हवीच असतात, पण गिअर अलगद पडावा म्हणून गिअरबॉक्समध्ये असलेल्या पितळी सिंक्रो रिंगा त्यांनी खराब होऊ शकतात. सगळीकडे एकच तेल ओता असं कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. मी क्राऊनचं दोन लिटर आणि गिअरबॉक्सचं एक लिटर सोबत नेलं होतं आणि काझात तेवढ्यावरच निभावलं. त्याच बैठकीत बाकीच्या तीन जागांचे फिलर उघडून करंगळी घालून तेल बघितलं. तिन्ही स्वच्छ होती. पुढच्या चाकांच्या नकलमागे (चाक वळतं त्या सांध्यामागे) तेल झिरपत नाही ना, तेही बघून घ्या. प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) सांध्यांतल्या क्रॉसना ग्रीस गनने नवं ग्रीस मारा, जुनं पाणेरी ग्रीस बाहेर पडेपर्यंत.

काढलेलं तेल आम्ही पाण्याच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून मिस्त्रीच्या पिंपात ओतलं. स्पितीत ओंजळभर हिरवळ दिसते तीही कुणीतरी पाट काढून जगवलेली असते. तिथल्या मातीत एक थेंबही सांडू नका. गाडीखाली अंथरायला जुनी ताडपत्री घरूनच न्या.

एकदा बदलून काम संपत नाही. बॉडीच्या कोपऱ्यांत आणि ॲक्सलच्या नळ्यांत पाणी राहतंच. मिस्त्रीने ब्रीदरची टोपी काढून डिझेलमध्ये धुऊन दिली, ती हाताने फिरू लागली. मग आम्ही ताबोला गेलो, ९९६ सालच्या त्या मातीच्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, अंधाराला डोळे सरावेपर्यंत बसून राहिलो, नाकोला राहिलो, आणि रामपूरला पोहोचल्यावर बाजारातून नवं तेल घेऊन मागचा क्राऊन पुन्हा रिकामा केला. या वेळी गाडी चालून आली होती, पाणी जवळपास नव्हतं, म्हणून गरमच काढलं. रंग किंचित धुरकट होता, तळाला पाणी नव्हतं. पुण्यात आल्यावर तिसऱ्यांदा बदललं तेव्हा भरलं होतं तसंच सोनेरी बाहेर आलं.

पुण्यात काकांनी पिनियनचं सीलही बदललं आणि मागच्या ब्रीदरला नळी जोडून ती मागच्या दिव्याच्या वर नेली. नळी, क्लिप आणि अर्ध्या तासाचं काम. जाणाऱ्यांनी बाकी काही नाही तरी एवढं करूनच निघा. आणि नाल्यात शिरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबून ॲक्सल निवू द्या. हात लावून बघा, चटका बसत असेल तर अजून थांबा.

काझातल्या त्या कामापासून मी निघताना चारही जागांच्या नटांवर, नटापासून बॉडीपर्यंत, पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारते. रोज सकाळी टॉर्च घेऊन खाली वाकायचं आणि रेघा जुळतात का बघायचं. काझाहून ताबोला जाताना एक रेघ केसभर सरकलेली दिसली होती, ट्रान्सफर केसच्या ड्रेन नटाची. पाना काढला, पाव फेरा आवळला आणि पुढे निघालो.